एक ते दोन जेवणारा कॉम्प्युटर

सर्व संबंधितांना, असंबंधितांना आणि ज्यांचा गॅसचा नंबर अजून लागलेला नाही अशा तमाम बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, नव्वदच्या दशकात भाईंदर पूर्वेच्या एका गॅस एजन्सीत जो कॉम्प्युटर होता, तो दुपारी एक ते दोन जेवायला जात असे. ही अफवा नाही. मी स्वतः स्टॉपवॉच लावून मोजलेलं आहे. त्या अहवालावर माझी सही आहे, शिक्का आहे, आणि सही करताना मी पूर्ण शुद्धीवर होते.

आता हे मोजणारी मी कोण, असा प्रश्न तुम्हाला पडेल. पडायलाच हवा. माझं सगळं आयुष्य अशा प्रश्नांवर गेलं.

माझा धंदा संशयाचा. त्या काळी लहानमोठे सगळेच मालक कॉम्प्युटर घ्यायला लागले होते. मशीन यायचं, नारळ फुटायचा, पेढे वाटले जायचे. मग वर्ष-दोन वर्षांनी मालकाच्या मनात पाल चुकचुकायची: ह्या डब्यासाठी आपण एवढा थाट केला, तो सांगितलेलं काम करतोय का? तेव्हा मला बोलावत. मी तीन गोष्टी बघायचे. विचारलेल्याचं उत्तर किती वेळात मिळतं, मशीन किती वेळा आजारी पडतं, आणि ते जे सांगतं ते खरं असतं का. डॉक्टर आणि हवालदार यांच्या मधलं काहीतरी समजा. माझ्या सासूबाई आमच्या नवघरच्या बायकांना सांगायच्या, "आमची सून कॉम्प्युटरवर संशय घेते. त्याचा पगार मिळतो तिला." त्यांच्या बोलण्यातला खरा रोख असा होता की घरी हेच काम मी फुकट करते.

संशय घ्यायला काही विशेष अक्कल लागत नाही, सवय लागते. भांड्यांच्या एका कारखान्यात मला मखमली झालर लावलेला कॉम्प्युटर दाखवला होता. रोज हार, रोज उदबत्ती. मालक म्हणाले, मशीन एकदम थंड चालतं, कधी तापतच नाही. मी झालर उचलली. आतला पंखा काढून मालकांच्या पुतण्याने स्वतःच्या टेबलावर लावला होता, आणि मशीन तापत नव्हतं कारण ते कोणी चालूच करत नव्हतं. तेव्हापासून मी एक नियम केला. माणसाची तक्रार नसेल तर बरं वाटून घ्यायचं. मशीनची तक्रार नसेल तर झालर उचलायची.

गॅस एजन्सीच्या किरीटभाईंनी मला बोलावलं ते हेच सांगून. कॉम्प्युटर आल्यापासून एकदाही बंद पडलेला नाही. भाईंदरला. जिथे लाईट घरच्या माणसापेक्षा जास्त वेळा रुसते आणि खाडीच्या खाऱ्या हवेने दाराच्या बिजागऱ्या सुद्धा वर्षभरात गंजतात, तिथे एक कॉम्प्युटर कधीही बंद पडलेला नाही. माझे कान टवकारले.

किरीटभाई तसा मनाने चांगला माणूस. पांढरा सफारी, कपाळाला केशरी टिळा, सकाळी दोन तास केबिनमध्ये बसायचे आणि मशीनला हात लावायला घाबरायचे. त्यांना मीरा रोडला शांती नगरमध्ये दुसरी एजन्सी काढायची होती आणि तिथेही अस्संच मशीन लावायचं होतं. "बेन, तुम्ही फक्त सर्टिफिकेट द्या," ते म्हणाले. "मशीन भरोशाचा आहे, एवढाच लिहायचा."

मग त्यांनी खणातून छापील कागद काढला. कडेला भोकं असलेला, तो लांबलचक कागद. आवाज खाली आणून म्हणाले की त्यांनी मशीनलाच विचारलं होतं, काउंटरवर माणूस जास्त आहे का? असेल तर कोण? मशीनने एक नाव छापून दिलं होतं: साटम.

"साटमभाई जुना माणूस. मला वाईट वाटते. पण मशीनला कोणाचा नातं नाही ने. तुमचा सर्टिफिकेट आला की दिवाळीनंतर त्यांना सांगून टाकीन."

म्हणजे माझ्या सहीवर एका माणसाची नोकरी टांगलेली होती. आणि मला पहिली शंका तिथेच आली. गॅसचे नंबर लावण्यासाठी बनवलेल्या मशीनला कोणता माणूस नको आहे, हे समजलं कसं? तुमच्या घरच्या कुकरने एके दिवशी शिटी वाजवून सांगितलं की जावईबापू बरोबर वागत नाहीत, तर तुम्ही जावयाकडे बघाल की कुकरकडे?

दुसऱ्या दिवसापासून मी चपला बाहेर काढून कॉम्प्युटरच्या खोलीत बसायला लागले. त्या काळी देवळात आणि कॉम्प्युटरसमोर अनवाणीच जायची पद्धत होती. मशीनपुढे वंदना बसायची. विशी ओलांडलेली, गिरगावातून शांती नगरला राहायला आलेल्या कुटुंबातली थोरली मुलगी. वडील आजारी, घरात हिचाच पगार. बोलायची इतकं हळू की समोरच्या गिऱ्हाइकाला दोनदा "काय?" म्हणावं लागे. मशीनला माझा हात लागणार असं दिसलं की ती मधे यायची. "मॅडम, नको. तो नाजूक आहे." स्वतःच्या तान्ह्या बाळाबद्दल बोलावं तसं.

प्लायवूडच्या पार्टिशनमागे साटमकाका. पन्नाशी उलटलेले, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि गिऱ्हाइकाशी असं बोलायचे जणू गॅस ते स्वतः जमिनीतून काढतायत. मला बघून त्यांनी नमस्कार केला, पण डोळे बारीक करून. ते माझ्यावर संशय घेत होते, मी त्यांच्यावर. आमचं पहिल्या दिवसापासून जमलं.

मी घड्याळ लावून बसले. गिऱ्हाईक विचारायचं, माझा नंबर कधी? वंदना कळा दाबायची, पडद्याकडे भक्तिभावाने बघायची, मग म्हणायची, "एक मिनिट, केबल बघून येते." पार्टिशनमागे जायची, परत यायची आणि उत्तर द्यायची. "शुक्रवारी." प्रत्येक वेळी केबल. एवढी काळजी घेतलेली केबल मी आयुष्यात पाहिली नाही.

मग एका सकाळी लाईट गेली. पंखे थांबले, पडदा काळा झाला. मी मनात म्हटलं, आता बघू. जवळच्या मोरवा गावातल्या एका बाईंनी खिडकीतून विचारलं, नंबर कधी? वंदना अंधारातच उठली, केबल बघून आली आणि म्हणाली, "परवा."

आणि एक ते दोन मशीन हँग. रोज. साटमकाका जेवायला नवघरच्या घरी गेले की मशीन हँग, ते बडीशेप चघळत परत आले की मशीन ताजंतवानं. काकांना एका दुपारी मुलाच्या शाळेत जावं लागलं, त्या दिवशी मशीनने अर्धा दिवस रजा घेतली.

तुम्ही हुशार आहात, तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्याही यायला हवं होतं. पण संशयी माणसाचा एक रोग असतो, त्याला साधं कारण पुरत नाही. मी दुसऱ्याच वासावर होते. मशीनने काढलेल्या रोजच्या यादीत काही घरं रांग सोडून वर यायची. नंतर नंबर लावलेल्याला आधी गॅसचा बाटला. मी ठरवून टाकलं की हा काळा बाजार आहे. साटमकाका हात ओले करून घेतात, वंदना सामील आहे, आणि मशीनला आडोसा केलाय. मी रिक्षा करून त्यातल्या काही घरी गेले. एका घराला आंब्याची डहाळी आणि बाहेर मांडव. दुसऱ्या घरात पाळण्याची दोरी ओढत बसलेली आजी. तिसऱ्या घराच्या पायरीवर माणसं गप्प बसलेली, आत तेराव्याचा स्वयंपाक. मी विचारलं, जादा काही द्यावं लागलं का? मांडववाल्या घरच्यांनी मला बुंदीचा लाडू दिला आणि वर म्हणाले, तुम्ही मुलीकडच्या ना? मी लाडू खाल्ला. पुरावा म्हणून.

तरी संशय गेला नाही. तेव्हा मी आमच्या धंद्यातलं जुनं हत्यार काढलं: खोटं गिऱ्हाईक. नसलेल्या माणसाच्या नावाने मशीनला काम द्यायचं आणि ते काय करतं ते पाहायचं. किरीटभाईंना विश्वासात घेऊन मी मोरव्यात एक विनायक तांडेल जन्माला घातला. त्याचं गॅसचं कार्ड केलं आणि त्याच्या नावाने माझ्या सासऱ्यांकरवी फोनवर बाटला नोंदवला. दुसऱ्याच दिवशी परत फोन करवून आणखी एक. मशीन शहाणं असेल तर दुसरा बाटला नाकारणार, कारण दोन बाटल्यांमध्ये ठरावीक अंतर असायलाच हवं, हा नियम त्यात घातलेला होता. मशीन भ्रष्ट असेल तर तांडेल रांगेत शेवटी सडणार, कारण त्याने कोणाला काही दिलं नव्हतं.

सकाळी यादी आली. विनायक तांडेल, मोरवा, बाटले दोन, पहिल्या पाचांत.

मी यादी तीनदा वाचली. लाच कोण देणार? ज्याला हातच नाहीत तो कोणाचे हात ओले करणार? मशीनने नियम मोडला होता, तोही एका अशा माणसासाठी, जो जगात नव्हता.

बाटले पोचवायला निघाला होता हरेश्वर. मोरव्याचाच, कोळ्यांच्या घरातला, तीनचाकी सायकलवर आठ-आठ बाटले लीलया रेटणारा. मी रिक्षाने मागे गेले. मोरव्यात पोचले तेव्हा तो देवळापाशी सायकल आडवी लावून लालबुंद होऊन उभा, आणि भोवती चार-पाच बायका.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"ह्या तांडेलाचा घर न्हाय गावत, बाई. आनि माझ्याच गावात लगीन हाय नि मला आवतन न्हाय!"

"लग्न आहे हे कोणी सांगितलं तुला?"

"साटमकाकांनी. एका पाठोपाठ दोन बाटले मागितले म्हंजी लगीनच हाय म्हनाले, लवकर पोचव. तांडेल आमच्या भावकीतले. बोलावला न्हाय ते न्हाय, घर बी लपवून ठेवलाय!"

भोवतालच्या बायकाही दुखावल्या होत्या. त्यांनाही आवतण नव्हतं. एक म्हातारी तर ठामपणे म्हणाली की विनायकाची बायको आधीपासूनच शिष्ट. मी विनायकाला जन्म दिला होता, बायको मात्र त्याने स्वतःच्या हिमतीवर मिळवली.

त्या रिक्षात परत येताना माझ्या डोक्यात सगळं जागच्या जागी बसलं. केबल. जेवणाची सुट्टी. अंधारातलं उत्तर. दोन बाटल्यांवरून लग्न ओळखणारं मशीन जगात नाही. लग्न ओळखतो तो माणूस.

मी सरळ पार्टिशनमागे गेले आणि साटमकाकांसमोरच्या स्टुलावर बसले. म्हटलं, "काका, मशीन कधी गेलं?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. वंदना दारात येऊन उभी राहिली. काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. मशीन आल्यानंतरच्या पहिल्याच गणपतीत त्याच्यातला नंबर लावायचा प्रोग्राम बिघडला. ज्या मुलाने तो बनवला होता तो दुबईला निघून गेला होता. पडदा उजळायचा, कळा चालायच्या, छपाई चालायची. डोकं गेलं होतं, हात तेवढे शिल्लक होते. तेव्हापासून काका पूर्वीसारखे मनाने आणि हाताने नंबर लावत, वंदना ते मशीनवर नुसतं टाईप करून छापत असे. टाईपरायटरच म्हणा, फक्त वातानुकूलित.

"पण मग शेठना सांगायचं नाही का?"

"शेठनी उद्घाटनाला काय सांगितलं होतं माहितेय? मशीन बंद पडलं तर ह्या मुलीला ठेवून काय करायचं. सगळ्यांसमोर बोलले. ही दोन दिवस जेवली नव्हती." काका कॉलर नीट करत म्हणाले, "आणि खरं सांगू? शेठ रोज येऊन म्हणायचे, वा, काय अक्कल आहे मशीनला. ऐकायला बरं वाटायचं हो. एवढ्या वर्षांत मला कोणी नव्हतं म्हटलं असं."

मी लग्नाबद्दल विचारलं. ते चिडलेच. म्हणाले, मांडव पडलेल्या घरात बायकांनी रॉकेलचा स्टोव्ह फुंकत बसायचं आणि आपण नियम चाटत बसायचं का? बाळंतिणीला पाणी तापवून लागतं. तेराव्याला पन्नास पानं उठतात. मी म्हटलं, ठीक आहे, हे वर घेण्याचं झालं. कोणी खाली जातं का? काकांनी छताकडे पाहिलं. वंदना हळूच म्हणाली, "जे भांडतात ते."

तेव्हा मला आठवलं की दोन दिवाळ्यांपूर्वी मी ह्याच खिडकीवर उभी राहून तावातावाने तक्रार केली होती. तेव्हापासून आमच्याकडे बाटला नेहमी उशिरा यायचा. माझे सासरे खाली उतरून बघायचे, सायकल शेजारच्या इमारतीत शिरायची. मी सगळ्या जगावर संशय घेतला होता, दूधवाल्यावर, वाण्यावर, वॉचमनवर. मशीनवर घेतला नव्हता, कारण छापील होतं.

"कर्णिकबाई," काका म्हणाले, "तुम्हाला आवाजावरून ओळखलं होतं मी पहिल्याच दिवशी."

शेवटी मी तो कागद काढला. किरीटभाईंनी मशीनला विचारलं होतं, माणूस कोण जास्त आहे. उत्तर दिलं कोणी?

वंदनाचे डोळे भरले. तिने काकांना विचारलं होतं, काय छापू? काउंटरवर आणखी दोघं होते, दोघांचीही पोरं लहान. तिसरी ही स्वतः. काकांनी चहाचा घोट घेऊन सांगितलं होतं, साटम लिही. मी म्हटलं, काका, कोणीच जास्त नाही असं का नाही छापलंत? ते माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी काहीतरी अचकटविचकट बोलले होते.

"मशीन कधी शेठना नाही म्हणेल का? त्यांना लगेच संशय आला असता."

मी खूप ठिकाणी काम केलं. पुढे बँकांची मोठमोठी मशीनं तपासली, काचेच्या खोल्यांत. उत्तर चटकन देणारी, कधी न झोपणारी. त्यांच्यातलं एकही मशीन स्वतःची नोकरी घालवण्याइतकं प्रामाणिक नव्हतं, आणि माझा बाटला दोन वर्षं अडवण्याइतकं खुनशीही नव्हतं. आज मी फोनवर बटण दाबते, ठरल्या दिवशी गॅस येतो, आणि आणणाऱ्या मुलाला आमच्याकडे लग्न आहे की तेरावं हे ठाऊक नसतं. सोय आहे. मी कुठे नाही म्हणतेय?

अहवालाच्या दिवशी किरीटभाईंच्या केबिनमध्ये आम्ही चौघं. किरीटभाई, मी, साटमकाका आणि वंदना. मी अहवाल फार जपून लिहिला होता. मशीन भरोशाचं आहे. वेग मध्यम. उत्तरं खरी, क्वचित मनात राग धरून दिलेली. मात्र त्यातला एक महत्त्वाचा भाग जुना असून तो काढला तर मशीन चालणार नाही.

"कुठला पार्ट?" किरीटभाई म्हणाले. "लॅमिंग्टन रोडवरून नवीन आणू."

मी म्हटलं, तिथे मिळणार नाही. ते म्हणाले, मग जपून वापरू, पण भरोशाचा आहे ने? झालं तर मग. आणि साटमकाकांकडे वळून, मान खाली घालून, त्यांनी सुरुवात केली. जुना माणूस, घरच्यासारखा, पण मशीननेच हिशोब करून सांगितलाय, दिवाळीपर्यंत या. मी शब्द जुळवत होते. खरं सांगितलं तर वंदना जाते, नाही सांगितलं तर काका जातात, आणि सर्टिफिकेटवर सही माझी.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवट माझ्या मनासारखा करता येईल. कोणीही गेलं नाही. किरीटभाई दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत, ते मुख्यतः उद्घाटनाच्या पेढ्यांच्या दुःखाने. नंतर खरा प्रोग्राम आला तेव्हा त्याच्याशेजारी खुर्ची टाकून साटमकाका बसायचे आणि त्याच्या चुका काढायचे. शाल आणि नारळ घेऊन ते रीतसर वेळेला निवृत्त झाले. शांती नगरची एजन्सी वंदनाने सांभाळली. आमच्याकडे गॅस वेळेवर यायला लागला. आणि हरेश्वर आजही विनायक तांडेलवर रागावलेला आहे, मी त्याची समजूत घालायच्या फंदात पडले नाही.

तर, केबिन. किरीटभाईंचं बोलून झालं होतं. काका उठत होते. मी तोंड उघडलं होतं. आणि जिचं बोलणं ऐकायला गिऱ्हाइकांना दोनदा "काय?" म्हणावं लागायचं ती वंदना, बाहेरच्या रांगेतल्या शेवटच्या माणसाने वळून बघावं अशा आवाजात बोलून गेली:

"शेठ, काकांना काढलंत तर उद्यापासून कॉम्प्युटर कामावरच येणार नाही!"